गोठ्यातली हवा, ध्रुवावरचा बर्फ

वास्कोतून रिक्षा हेडलँड सड्याचा चढ चढू लागली की खाली मुरगाव बंदर दिसतं. नांगर टाकून उभ्या बोटी, धक्क्यावरचा कोळसा, पाण्यावरून येणारी खारट, चिकट हवा. माथ्यावर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. अशा ठिकाणी अंटार्क्टिकाचा बर्फ उणे २० अंशांत सांभाळून ठेवलाय हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण भारताचा अंटार्क्टिकाशी संबंध पहिल्यापासून गोव्याच्याच वाटेनं आलेला आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम 'पोलर सर्कल' या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून इथूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला तिकडच्या बर्फावर उतरली. दोन वर्षांनी निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत होत्या. जन्म नागपूरचा, पहिली पदवी पुण्याची, घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं आणि नोकरी दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. आपल्याकडे ही गोष्ट प्रश्नमंजूषेपुरती उरली आहे, याचं वाईट वाटतं.

सड्यावरची संस्था १९९८ सालची. आता तिचं नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. तिथल्या शीतखोलीत शिरायचं तर आधी जाडजूड कोट, दुहेरी हातमोजे, वजनदार बूट असा जामानिमा करावा लागतो. बाहेर घाम आणि आत गेल्या गेल्या नाकातले केस ताठ. बॉलपेन लिहीनासं होतं, तेव्हा जाणाऱ्यानं पेन्सिल न्यावी. उष्णतारोधक पेट्यांमध्ये प्लॅस्टिकच्या वेष्टणात बर्फाचे दंडगोल आडवे ठेवलेले असतात, प्रत्येकावर क्रमांक आणि वरची बाजू कोणती ते दाखवणारा बाण. बाण महत्त्वाचा. तुकडा उलटा ठेवला गेला तर इतिहासही उलटा वाचला जायचा. या दंडगोलांना हिमगाभे म्हणतात. कापायला लाकडाच्या वखारीत असते तशीच पट्टी-करवत, फक्त तिच्याखाली भुसा पडतो तो पांढरा.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'हवा' असा दिला होता. कुणी दिल्लीच्या धुरावर लिहितंय, कुणी साताऱ्याच्या पवनचक्क्यांवर. मी म्हटलं, मी मिथेनवर लिहितो. थोडं गोव्यात जाईन आणि थोडं कळंबला. फोनवर पलीकडून "कळंब?" असा प्रश्न आला. धाराशिव जिल्ह्यातलं नव्हे, यवतमाळचंही नव्हे. इंदापूर तालुक्यातलं, नीरा नदीजवळचं, वालचंदनगरला खेटून असलेलं कळंब. अंटार्क्टिकाच्या बर्फात जो मिथेन सापडतो त्यातला जवळपास काहीच अंटार्क्टिकात तयार झालेला नसतो. तिथे ना दलदल, ना गुरं, ना भातखाचरं. तो सगळा बाहेरून आलेला, त्यातही बराचसा उष्ण प्रदेशांतून, पावसाच्या आणि गुरांच्या मुलखातून. तेव्हा तो बर्फ समजून घ्यायला गोठ्यातही जायलाच हवं.

खिडकी कधी लागली?

ध्रुवावर पडलेलं हिम लगेच बर्फ होत नाही. दरवर्षीचा नवा थर जुन्याला दाबतो, कण एकमेकांत रुतत जातात, आणि साठ ते शंभर मीटर खोलीपर्यंत कणांमधल्या फटी एकमेकींना जोडलेल्याच राहतात. म्हणजे तेवढ्या खोलीपर्यंत वरची हवा झिरपत असते. त्याच्या खाली फटी मिटतात, हवेचे बुडबुडे एकटे पडतात आणि मग त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध संपतो.

यातून एक गमतीची अडचण उभी राहते. बर्फाचं वय आणि त्यातल्या हवेचं वय एक नसतं. शंभर वर्षांच्या वाड्याची खिडकी काल लावली तर आत कोंडलेली हवा कालचीच असणार. बर्फाच्या बाबतीत खिडकी लागायला किती काळ जातो हे तिथे हिम किती पडतं यावर ठरतं. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर वर्षाला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर पाण्याइतकं हिम पडतं. आपल्या इंदापूर तालुक्याला अवर्षणप्रवण म्हणतात, पण तिथल्या एका वळवाच्या सरीतही एवढं पाणी पडून जातं. अशा ठिकाणी बर्फ आणि हवा यांच्या वयात हजारो वर्षांचा फरक पडतो. उलट किनाऱ्याजवळच्या लॉ डोम या टेकाडावर, जिथे ऑस्ट्रेलियन लोक भोकं पाडतात, काही जागी वर्षाला मीटरभराहून अधिक पाण्याइतकं हिम पडतं. तिथे खिडकी लवकर लागते, आणि १९७०च्या दशकातली हवासुद्धा बर्फात बंद झालेली सापडते. त्यामुळे टास्मानियातल्या केप ग्रिमच्या वेधशाळेनं थेट मोजलेली हवा आणि बर्फातून काढलेली हवा यांची गाठ घालून बघता आली. दोन्ही आकडे जुळले. हे जुळलं नसतं तर पुढच्या सगळ्या गोष्टीला अर्थच उरला नसता.

भारतीयांनी ड्रॉनिंग मॉड लँड भागात काढलेले सुरुवातीचे गाभे साठ-बासष्ट मीटरचे आहेत. त्यातल्या एकात साडेचारशेहून अधिक वर्षांचं हिम आहे. पण साठ मीटर म्हणजे जिथे बुडबुडे मिटायला लागतात त्याच्या आसपासची खोली. म्हणून या गाभ्यांतून धूळ, मीठ, ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे तापमान आणि वाऱ्यांचा इतिहास निघाला. मिथेनचा इतिहास निघायला शेकडो मीटर, खरं तर किलोमीटर खाली जावं लागतं. रशियनांचं व्होस्टोक तळावरचं भोक ३६०० मीटरच्या पुढे गेलं. युरोपीय देशांनी मिळून डोम सी इथे ३२०० मीटरहून खोल जाऊन आठ लाख वर्षांची हवा वर आणली, आणि जानेवारी २०२५मध्ये त्याच परिसरात त्यांचंच नवं पथक २८०० मीटरांवर तळाच्या खडकाला टेकलं. हाती आलेला बर्फ १२ लाख वर्षांहून जुना आहे. इतक्या खोलवर दाब एवढा असतो की बुडबुडे दिसतच नाहीत. हवा बर्फाच्या स्फटिकांच्या जाळीत शिरून बसते. गाभा काच असावी इतका नितळ निघतो आणि वर आणून ठेवला की महिन्या-वर्षांत पुन्हा बुडबुड्यांनी भरू लागतो. मधल्या काही खोलीवरचा बर्फ तर वर येताच आपसूक तडकतो, म्हणून त्याला हात न लावता बराच काळ तसाच निवायला ठेवतात.

पन्नास ग्रॅम

या बर्फातून मिथेन मोजायचा कसा? पन्नासेक ग्रॅमचा तुकडा घ्यायचा. बाहेरची कड आधी तासून टाकायची, कारण तिला ड्रिलचं तेल, माणसांची हवा, सगळं लागलेलं असतं. तुकडा काचेच्या किंवा धातूच्या भांड्यात घालून भांड्यातली हवा पंपानं पूर्ण काढून घ्यायची. मग बर्फ वितळू द्यायचा. बुडबुड्यांतली हवा वर येते, पाणी पुन्हा हळूहळू गोठवलं की विरघळलेली उरलीसुरली हवाही बाहेर पडते. ही हवा सगळी मिळून चार-पाच मिलिलिटर. औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या हवेत एक अब्ज रेणूंमागे साधारण ७०० रेणू मिथेनचे होते. म्हणजे त्या चार-पाच मिलिलिटरमध्ये मिथेन किती असेल याचा हिशेब करून पाहावा. सुईच्या टोकावर मावेल एवढाही नाही. तरी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र तो वेगळा काढून जाळतं आणि ज्योतीतून वाहणाऱ्या क्षीण विजेवरून अब्जात काही रेणूंच्या अचूकतेनं आकडा देतं. नव्या प्रयोगशाळांत गाभ्याची लांब पट्टी एका टोकाकडून सतत वितळवत नेतात आणि निघेल तशी हवा लेसरच्या झोतातून सोडतात. सेंटिमीटरमागून सेंटिमीटर, म्हणजे वर्षामागून वर्ष, कागदावर रेघ उमटत जाते.

कार्बन डायऑक्साइडसाठी मात्र हे चालत नाही. वितळलेल्या पाण्यात तो विरघळतो आणि धुळीतल्या चुन्याशी त्याची रासायनिक देवघेव होते, म्हणून त्याच्यासाठी बर्फ कोरडाच चेचावा लागतो. ग्रीनलँडचा बर्फ धुळकट. तिथले कार्बन डायऑक्साइडचे आकडे भरवशाचे नाहीत. मिथेनचे आहेत. हा वायू या बाबतीत फार गुणी आहे. बर्फात तो कुणाच्या भानगडीत पडत नाही.

बर्फातली हवा मोजावी ही कल्पना फ्रान्सच्या क्लोद लोरियस यांना १९६५मध्ये अंटार्क्टिकावर व्हिस्कीच्या पेल्यात जुन्या बर्फाचे तुकडे टाकले असताना सुचली, असं ते स्वतः सांगत. तुकड्यांमधून बुडबुडे फुटत होते. किस्सा इतका वेळा सांगितला गेलाय की तो गुळगुळीत झालाय. पण मिथेनच्या बाबतीत खरा धक्का १९८२चा. त्या वर्षी हार्मन क्रेग आणि सी. सी. चौ यांनी ग्रीनलँडच्या बर्फावरून दाखवून दिलं की गेल्या काही शतकांत हवेतला मिथेन दुपटीच्या घरात वाढलाय. तोवर मिथेन म्हणजे दलदलीचा वायू, खाणीतला धोका, एवढंच. हवामानाच्या चर्चेत त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं.

पाऊस किती पडला?

डोम सीच्या आठ लाख वर्षांच्या नोंदीत मिथेन कधी ३५०च्या आसपास उतरतो, कधी ८००च्या जवळ जातो, पण ८००च्या वर जात नाही. हिमयुगं आली की कमी, उबदार काळात जास्त, हे तर आहेच. पण त्या रेघेत आणखी एक लय आहे, साधारण २३ हजार वर्षांची. पृथ्वीच्या आसाच्या डुलण्यामुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा कधी सूर्याच्या जवळ असताना येतो, कधी लांब असताना. जवळ आला की भारत, चीन, आफ्रिका इथली जमीन जास्त तापते, मोसमी पाऊस जोर धरतो, नद्यांची खोरी आणि पाणथळ जागा पसरतात, आणि पाण्याखाली कुजणाऱ्या वनस्पतींतून मिथेन वर येतो. तो वर्ष-दीड वर्षात जगभर मिसळतो आणि थोडासा अंटार्क्टिकाच्या हिमात उतरतो.

म्हणजे ध्रुवावरच्या मिथेनची रेघ ही मोठ्या प्रमाणावर उष्ण प्रदेशातल्या पावसाची रेघ आहे. हवामानबदलाच्या लेखांत ध्रुव म्हणजे बिचारा, वितळणारा, अस्वलं बुडणारा प्रदेश असतो. त्या बर्फानं आपल्या पावसाचा हिशेब लाखो वर्षं राखून ठेवलाय हे फारसं कुणी सांगत नाही.

मिथेन लवकर मिसळतो याचा शास्त्रज्ञांनी आणखी एक उपयोग करून घेतला. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी शेवटचा थंडीचा झटका संपला तेव्हा ग्रीनलँडच्या हवेतला मिथेन शे-दीडशे वर्षांत ५००च्या आसपासवरून ७००च्या पुढे गेला. हीच उडी अंटार्क्टिकाच्या बर्फातही दिसते. हवा एकच, तेव्हा उडी एकाच वेळची. त्यामुळे दोन ध्रुवांच्या गाभ्यांमधली वर्षं एकमेकांशी जुळवता आली, आणि मग कळलं की उत्तरेत ऊब वाढते तेव्हा दक्षिणेत बऱ्याचदा उलटं चाललेलं असतं. ग्रीनलँडचा आकडा नेहमी अंटार्क्टिकाच्या थोडा वर असतो. कारण साधं आहे: जमीन, दलदल आणि माणसं उत्तर गोलार्धात जास्त, आणि मिथेन दक्षिणेला पोचेपर्यंत वाटेत थोडा नष्ट होतो. हवेतल्या हायड्रॉक्सिल कणांशी गाठ पडली की तो संपतो. त्याचं हवेतलं आयुष्य नऊ-दहा वर्षांचं. कार्बन डायऑक्साइडसारखा तो शतकानुशतकं रेंगाळत नाही. पण असतो तोवर तापवतो मात्र जबर. वीस वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट.

इनामगावची गुरं

गेल्या दहा हजार वर्षांत मिथेनच्या रेघेनं एक विचित्र वळण घेतलं. पृथ्वीच्या डुलण्याप्रमाणे उत्तरेचा मोसमी पाऊस हळूहळू कमी व्हायला हवा होता, झालाही. मिथेनही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपर्यंत उतरत गेला. आणि मग उतरायचा थांबून चढू लागला. मागच्या उबदार काळांत असं झालेलं दिसत नाही. विल्यम रुडिमन या अमेरिकन अभ्यासकानं २००३मध्ये याचं कारण माणूस असल्याचं मांडलं: आशियातली भातशेती आणि जगभर पसरणारी गुरं. यावर जे रण माजलं ते अजून पुरतं शमलेलं नाही. दुसरा पक्ष म्हणतो, त्याच काळात दक्षिण गोलार्धातला पाऊस वाढला, तेवढं कारण पुरे आहे. पुरातत्त्वज्ञ डोरियन फुलर आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये जुन्या वसाहतींमधले भाताचे दाणे आणि गुरांच्या हाडांचे पुरावे गोळा करून दाखवलं की काही वाटा तरी माणसाचा असायला जागा आहे.

हे वाचताना मला पुणे जिल्ह्यातलं इनामगाव आठवत होतं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून जवळजवळ दीड दशक तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७००च्या दरम्यानची वसाहत. लोक बार्ली पिकवत होते, मातीच्या भिंतींच्या घरांत राहत होते, नदीचं पाणी पाटानं वळवत होते, आणि गुरं पाळत होते. हाडांच्या ढिगात गाईबैलांचा भरणा मोठा. शेवटच्या टप्प्यात पाऊस रुसला असावा आणि लोक शेतीपेक्षा गुरांमागे जास्त लागले असावेत, असं म. के. ढवळीकर यांचं मत होतं. भीमेच्या खोऱ्यातल्या त्या गुरांनी रवंथ करताना सोडलेला मिथेन तेव्हाच्या हवेत किती होता, याचं उत्तर कुठल्याही एका गावापुरतं कधीच मिळणार नाही. पण त्या हवेचा नमुना अंटार्क्टिकात आहे, आणि त्यात सगळ्यांची बेरीज आहे. मला रुडिमनचं म्हणणं पूर्ण पटत नाही. पाचेक हजार वर्षांपूर्वी जगात माणसं फारच थोडी होती. पण त्यानं गुरं आणि भात हा विषय हिमगाभ्यांच्या चर्चेत आणला, हे उपकारच.

तात्यांचा गोठा

कळंबमध्ये पहाटेचा पहिला आवाज दुधाच्या कॅनचा. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात इथे साखर कारखाना उभारला, पुढे त्या वसाहतीचं वालचंदनगर झालं, आणि आज तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग घडतात. पण गावाभोवतीची शिवारं अजून उसाची आणि जनावरांचीच. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना अख्खी आळी तात्या म्हणते. नऊ एचएफ गाई, दोन म्हशी, एक खोंड. गव्हाणीत मुरघास, त्यावर मूठभर पेंड. गाई खातात, बसतात आणि रवंथ सुरू होतं.

एका गाईजवळ उकिडवं बसून पाहिलं तर दिसतं: दर मिनिट-दीड मिनिटानं मानेखालून एक लाट वर सरकते, गाय जरा थबकते आणि तोंडातून हवा सोडते. आवाज फारसा नाही. मिथेन बाहेर पडतो तो मुख्यतः इथून, मागून नव्हे. शहरातले विनोद याबाबतीत सपशेल चुकीचे आहेत. गाईच्या पहिल्या पोटात, ज्याला कोठीपोट म्हणतात, ऑक्सिजन नसतो. तिथले जंतू चारा कुजवतात, त्यातून हायड्रोजन सुटतो, तो साठला तर कुजणंच थांबेल. म्हणून दुसऱ्या जातीचे सूक्ष्म जीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि गाय तो ढेकरेवाटे टाकते. आंतरराष्ट्रीय गणतीच्या २००६च्या सूत्रांत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरलाय. घरगुती गॅसच्या चार सिलिंडरांहून अधिक. तात्यांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते गाईकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले.

"म्हंजे माझ्या मुरघासातलं एवढं हवेत जातंय व्हय?"

जातंय. चाऱ्यातल्या ऊर्जेतला साधारण सहा टक्के हिस्सा मिथेन म्हणून उडून जातो. दूध होत नाही, मांस होत नाही.

गोठ्यामागे गोबरगॅस आहे. तात्यांच्या सूनबाई रोज सकाळी दोन पाट्या शेण टाकीत टाकतात, तेवढंच पाणी ओततात आणि हातानं कालवतात. काडी, दगड, चाऱ्याचा तुकडा आला की बाजूला काढायचा, नाहीतर पाइप तुंबतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. आत जे घडतं ते गाईच्या पोटात घडतं तेच, फक्त इथे मिथेन ड्रममध्ये साठतो आणि ड्रम वर येतो. डिसेंबरात ड्रम अर्धाच उचलतो. "थंडीचं जंतू बी गारठत्यात," सूनबाई म्हणाल्या. शेगडीची ज्योत निळी, भाकरी चांगली फुगत होती. पाइपच्या जोडाजवळ मात्र कुजक्या अंड्याचा बारीक वास येत होता. तो वास मिथेनचा नव्हे, सोबत येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा. पण वास आहे म्हणजे मिथेनही गळतोय. जोड त्याच दिवशी आवळला.

याच पट्ट्यात मिथेनच्या आणखी जागा आहेत. भवानीनगरपासून पुढे साखर कारखान्यांची रांग; मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा काळा, आंबूस स्पेंटवॉश उघड्या तळ्यात साठवला तर मिथेन सोडतो आणि बंद टाकीत कुजवला तर बॉयलरला गॅस देतो. उत्तरेला उजनीचा जलाशय. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून त्यात येतं, आणि उथळ, गाळानं भरलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात तळाशी तेच कुजणं चालू असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठच्या चिखलात काठी रोवली तर बुडबुडे वर येतात. तो प्रयोग कुणीही करून पाहावा.

बाटलीतली हवा

कळंबची हवा अंटार्क्टिकाच्या वाटेला लागते हे कशावरून? याचा सर्वांत सुरेख पुरावा गोव्यातच मिळाला, पण सड्यावर नव्हे. काणकोण तालुक्यात समुद्रावर झेपावलेल्या काबो द रामच्या कड्यावर १९९३ ते २००२ या काळात ठरावीक दिवसांनी काचेच्या बाटल्यांत हवा भरली जायची आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या ॲस्पेंडेलला, तिथल्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत पाठवली जायची. याच ॲस्पेंडेलमध्ये डेव्हिड एथरिज आणि सहकाऱ्यांनी लॉ डोमच्या बर्फातली हवा काढून हजार वर्षांचा मिथेन मोजला. तो निबंध १९९८चा. म्हणजे राजा भोजाच्या काळातली हवा आणि गोव्याच्या कड्यावरची हवा एकाच छताखाली मोजली जात होती.

काबो द रामच्या आकड्यांत ऋतू स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा विषुववृत्तापलीकडून, समुद्रावरून येतो, तेव्हा मिथेन खाली. हिवाळ्यात वारा फिरतो आणि देशावरची, गोठ्यांची, भाताची, चुलींची, शहरांची हवा समुद्राकडे वाहते, मिथेन वर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं सिंहगडावर उपकरणं लावली तेव्हा तिथेही पावसाळ्यात मिथेन कमीच दिसला. सिंहगडावर भजी खायला जाणाऱ्यांना तिथे हे काम झालंय याचा पत्ता नसतो.

दोष कुणाच्या पदरात

१७५०च्या आसपास ७२० असलेला मिथेन आता १९००च्या वर आहे, आणि दरवर्षी चढतोय. आठ लाख वर्षांत जो ८०० ओलांडत नव्हता तो १७५०च्या तुलनेत अडीचपटींवर. यात गाईचा वाटा किती आणि खाणी, तेलविहिरींचा किती, यावर बराच वाद आहे, आणि त्याचा निकाल काही अंशी बर्फच देतो. मिथेनमधल्या कार्बनच्या अणूंत एक किरणोत्सारी प्रकार असतो, कार्बन-१४. आजच्या गवतातून आलेल्या मिथेनमध्ये तो असतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या मिथेनमध्ये तो संपलेला असतो. बेंजामिन ह्मिएल, वासिली पेट्रेंको आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलँडमधून शेकडो किलो बर्फ वितळवून औद्योगिक काळाआधीच्या हवेतला कार्बन-१४ मोजला आणि २०२०मध्ये निष्कर्ष मांडला: जमिनीतून निसर्गतः गळणारा जुना मिथेन आपण समजत होतो त्याच्यापेक्षा फारच कमी आहे. तेव्हा आजच्या हवेतल्या जुन्या मिथेनची जबाबदारी कोळसा, तेल आणि वायू उद्योगावर येते, आणि ती आधीच्या अंदाजापेक्षा २५ ते ४० टक्के जास्त भरते.

म्हणून गाय सुटली असं मात्र नाही. २००७नंतरच्या वाढीत समस्थानिकांची खूण दलदल, गुरं आणि कचरा यांच्याकडेच जास्त बोट दाखवते. भारतानं २०२१च्या ग्लासगो परिषदेत जाहीर झालेल्या मिथेन करारावर सही केली नाही. २०३०पर्यंत ३० टक्के कपातीचं ते वचन होतं. आपल्या सरकारचं म्हणणं, आमचा मिथेन छोट्या शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा आहे. कळंबमध्ये बसून हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण ते तेवढ्यावर सोडून द्यायला उजनीचा काठ आणि स्पेंटवॉशची तळी परवानगी देत नाहीत. तिथे पोट कुणाचं आहे हे विचारायला हवं.

संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर यंत्रात थेंब टाकून फॅट, एसएनएफ निघत होतं. तात्यांना मी बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं काढलेल्या 'हरित धारा' या खाद्यपूरकाबद्दल सांगितलं. टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून केलेलं, मिथेन १७ ते २० टक्के घटवणारं. तात्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दूध वाढंल का?" थोडं वाढतं असं संस्थेचं म्हणणं आहे, असं म्हटल्यावर त्यांनी पावती खिशात घातली.

"मग आनतो एक पोतं. एका गाईला घालायचं, एकीला न्हाई. म्हैन्यानं कळंलच की."

सूनबाई कॅन धुता धुता म्हणाल्या, "मामा, दोन्ही एकाच वेताच्या घ्या. आन् चारा बी तोच ठेवा, न्हाईतर कळायचं कसं?"